तीन सकाळी विटकरी रंग

मुलांनो, जरा डोळे मिटा. पौषातली सकाळ आहे असं समजा. मालेगावाहून वाशिमकडे जाणारा रस्ता सोडून तुम्ही एका पांदणीत उतरला आहात. चाकोरीतली धूळ पायांना गार लागते आहे. समोर विहीर, विहिरीवर मोट, आणि पाटाच्या पलीकडे वाफेच वाफे. मेथीचे, मुळ्याचे, वांग्यांचे, आणि कोथिंबिरीचे, जिला तिकडे सांबार म्हणतात. वाफ्यांच्या कडेला मातीच्या भिंतींचं कौलारू घर आहे. त्याच्या ओसरीवर दोन मुली दिसतात का? एक बारा वर्षांची. तिनं स्पिरिटच्या दिव्यावर काचेची एक नळी चिमट्यानं धरली आहे. दुसरी दहा वर्षांची, खांबाला टेकून, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. नळीतलं पाणी कोणता रंग घेतं याकडे सगळं घर डोळे लावून आहे. ती दहा वर्षांची मुलगी मात्र रंगाकडे पाहत नाही. ती नळी धरणाऱ्या हाताकडे पाहते आहे.

तिचं नाव प्रयाग. आता डोळे उघडा आणि तिची गोष्ट ऐका.

प्रयाग ही उत्तमरावांची एकुलती एक मुलगी. उत्तमराव भाजीपाला पिकवायचे आणि मालेगावच्या बाजारात विकायचे. उजाडता उजाडता ते मळ्यात फेरी मारायचे आणि प्रयाग त्यांच्या मागे असायची. आज कोणत्या वाफ्यातली मेथी उपटायची, कोणती अजून दोन दिवस राहू द्यायची, हे ते तिला विचारायचे. त्यांना ते ठाऊकच असायचं. तरी विचारायचे, आणि ती हात मागे बांधून, एखाद्या जाणत्या बाईसारखी मान तिरपी करून सांगायची. ती म्हणेल तो वाफा उपटला जायचा. एकदा तिनं अगदी कोवळी मेथी सांगितली, तरी त्यांनी तीच उपटली आणि बाजारात गिऱ्हाइकांना सांगितलं, आज मालकिणीचा हुकूम आहे. सकाळचा तो तासभर प्रयागचा होता. त्यात आईचासुद्धा वाटा नव्हता.

मग त्या वर्षीच्या भादव्यात उत्तमरावांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. जखम म्हणाल तर ज्वारीच्या दाण्याएवढी, पण दिवाळी आली तरी भरेना. त्यांना तहान इतकी लागे की ओसरीवरची घागर दुपारपर्यंत रिकामी व्हायची. खात होते चांगलं, आणि तरी अंगातला सदरा दिवसेंदिवस सैल होत होता. शेवटी शेजारच्या मळ्यातल्या हिरालालनं त्यांना गाडीत घातलं, रस्त्यावर मोटार थांबवली आणि अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं कळलं की हा मधुमेह.

आपण भाकरी खातो, भात खातो, त्याची पोटात गेल्यावर साखर होते. ती साखर अंगाच्या कानाकोपऱ्यात पोचवायला शरीर एक रस तयार करतं. तो रस कमी पडला की साखर रक्तातच साचते आणि लघवीवाटे वाहून जाते. माणूस खातो, पण अंगाला लागत नाही. पायाला जखम झाली तर ती लवकर कळत नाही आणि भरतही नाही. हा आजार औषध घेतलं आणि गेला, असा नाही. त्याच्याबरोबर रोज राहायचं असतं, रोज त्याच्याकडे बघायचं असतं. उत्तमरावांना तो कमी पडणारा रस रोज सकाळी सुईनं घ्यावा लागणार होता.

ते पंधरा दिवसांनी घरी आले. त्यांच्याबरोबर औषधाच्या लहानशा बाटल्या होत्या, रेघा आखलेली, सुई लावायची काचेची पिचकारी होती आणि तोंडावर काळजी होती. त्यानंतर मालेगावच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, जमनाबाई, दर गुरुवारी आणि शनिवारी मळ्यात येऊ लागल्या.

जमनाबाईंची शिकवण्याची एक रीत होती. पहिल्या दिवशी त्या स्वतःच्या हातानं करून दाखवत. दुसऱ्या दिवशी रोग्याचा हात धरून करवून घेत. तिसऱ्या दिवशी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून बसत आणि काही झालं तरी ते उचलत नसत. सुई टोचायचा सराव त्यांनी उत्तमरावांना वांग्यावर करायला लावला. उत्तमराव ओसरीवर बसून एका जांभळ्या वांग्याला पाण्याच्या सुया टोचत होते तेव्हा हिरालाल आला, बघत उभा राहिला आणि म्हणाला, "उत्तमभाऊ, या वांग्याले काय रोग झाला? जगन का ते?" त्या दिवशी घरात पहिल्यांदा सगळे हसले.

औषधाची बाटली गार राहायला हवी, म्हणून जमनाबाईंनी एका गाडग्यात ओली रेती भरून ती तिच्यात पुरून ठेवायला सांगितली. अनवाणी फिरायचं नाही, रोज संध्याकाळी तळपाय उलटे करून बघायचे, हेही सांगितलं. आणि रोज सकाळी लघवीची परीक्षा करायची. काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी आहे, पिवळं झालं तर जास्त. आणि भाजलेल्या विटेसारखा रंग आला तर फारच. विटकरी रंग आला तर आदल्या दिवसापेक्षा चार रेघा औषध जास्त घ्यायचं, पण अठ्ठावीस रेघांच्या पुढे त्यांना विचारल्याशिवाय जायचं नाही. हे सगळं त्यांनी एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. उत्तमरावांचं औषध एरवी रोज सोळा रेघा असे.

आता ही परीक्षा कोणी करायची? उत्तमरावांची नजर अधू झाली होती, त्यांना हिरवा आणि पिवळा वेगळा दिसेना. प्रयागची आई आवडाबाई म्हणाली, मले त्या काचेची धास्ती वाटते. राहिल्या दोन मुली, प्रयाग आणि ललिता. ललिता ही उत्तमरावांच्या बहिणीची मुलगी, अनसिंगची. मामा आजारी, मामीला हात अपुरे, म्हणून दिवाळीनंतर तिला मदतीला पाठवलं होतं. चौथी पास झालेली, अबोल, कामाला वाघीण.

जमनाबाईंनी नळी उकळली, खिडकीच्या उजेडात धरली आणि दोघींना विचारलं, रंग कोणता?

प्रयागनं नळीकडे पाहिलंही नसेल नीट. ती म्हणाली, निळा.

"नीट बघ बरं."

"निळाच हाये," प्रयाग म्हणाली. बाबा बरे व्हावेत, एवढंच तिच्या मनात होतं.

ललिता वाकली, डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली की हिरवा आहे, पण कडेनं पिवळा होऊन राह्यला.

जमनाबाईंनी प्रयागच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, तुला जे व्हावंसं वाटतं ते तू बघतेस. इथं जे आहे ते बघणारं माणूस पाहिजे." त्या हसून, मायेनं बोलल्या. पण नळी त्यांनी ललिताच्या हातात दिली.

त्या दिवसापासून प्रयागचा सकाळचा तास गेला. उत्तमराव उठले की पहिली हाक ललिताला मारायचे. ललिते, रंग काय? ललिता सांगायची, ते ऐकायचे, मान डोलवायचे आणि त्याप्रमाणे सुई भरायचे. मळ्यातली फेरी आता उशिरा व्हायची, आणि वहाणा घालून, हळूहळू. मेथीचं कोणाला विचारायचं हे ते विसरूनच गेले. प्रयाग मागे चालत असायची, त्यांना आठवेल याची वाट बघत. ते वाफ्याकडे बघायचे आणि विचार करायचे, काल हिरवा होता, आज पिवळा, असं काहून?

घरातही तसंच. आवडाबाई ललिताच्या ताटात भाकरीबरोबर दुधाची साय वाढायची, पोरगी परक्या घरी राबते म्हणून. हिरालाल आला की म्हणायचा, काय डॉक्टरीणबाई, कशी हाये तब्येत आमच्या भावाची? ललिता लाजायची. प्रयागला ते लाजणंही सोंग वाटायचं. ती काडेपेटी लपवून ठेवायची. ललिता नळी कशी धरते, मान कशी वाकवते, याची नक्कल ती विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांना करून दाखवायची. बाया हसायच्या, आणि ते हसणं संपलं की ती पुन्हा ओसरीवर येऊन खांबाला टेकून बसायची.

ललितानं एकदा तिला बरोबर घ्यायचाही प्रयत्न केला. म्हणाली, तू दिवा धर, मी नळी धरतो, दोघी मिळून करू.

"तुह्या हाताखाली काम कराले मी नाई आली," प्रयाग म्हणाली. "बाप माहा हाये."

ललितानं दिवा स्वतःच उचलला. पुन्हा तिनं विचारलं नाही.

छप्पन साल सरून सत्तावन्न लागलं आणि संक्रांत जवळ आली. आवडाबाईनं तर गुळाची भेली केव्हाच हिरालालच्या घरी नेऊन ठेवली होती. घरात चिमूटभर गोड ठेवायचं नाही, तीळगूळसुद्धा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही, असा तिचा नेम. गूळ म्हणजे नवऱ्याला विष, हे तिनं मनाशी घट्ट बांधलं होतं. प्रयाग हिरालालकडे जाऊन गूळ खायची.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी जमनाबाईंनी सगळ्यांना ओसरीवर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. आवडाबाई त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेली होती आणि प्रयाग रुसून दाराआड उभी होती. पहिली गोष्ट अशी की सणाचे दिवस आहेत, तीळगुळाचे हात धुतल्याशिवाय नळीला लावू नका. गोडाचा एक कणसुद्धा रंगाला फसवतो, निळ्याचा विटकरी करतो. दुसरी गोष्ट अशी की औषध कधी जास्त झालं किंवा खाणं कमी पडलं, तर साखर एकदम खाली जाते. मग घाम सुटतो, हातपाय कापतात, माणूस भलतंसलतं बोलतो, दारू प्याल्यासारखा झोकांड्या खातो. तसं दिसलं की माणूस गिळू शकतो तोवर लगेच गूळ द्यायचा, किंवा गुळाचं पाणी, आणि सावरला की भाकरी. त्या वेळी गूळ विष नाही, औषध आहे. उशीर झाला तर माणूस हाती लागत नाही.

चहा घेऊन आवडाबाई बाहेर आली तेव्हा बोलणं संपलं होतं.

दाराआडच्या प्रयागला दोन्ही गोष्टी ऐकू आल्या. पण मनात राहिली पहिली.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी ललिता दिव्यात स्पिरिट घालायला आत गेली. लघवीचा काचेचा पेला ओसरीच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता. प्रयागनं हिरालालच्या घरून आणलेला गुळाचा खडा बोटांत चुरला, पेल्यात टाकला, काडीनं ढवळला आणि पुन्हा झाकला. तिच्या मनात काय होतं ते सांगतो. रंग चुकीचा येईल. गुरुवारी जमनाबाई येतील आणि म्हणतील, ललिताला हे काम जमत नाही. नळी काढून घेतील. एवढंच. त्या रंगाप्रमाणे बाबांची सुई भरली जाते, हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि ध्यानात येणं यात अंतर असतं. रागात तर फारच.

नळीतलं पाणी उकळलं, हिरवं झालं, पिवळं झालं आणि मग विटेसारखं लाल. ललिता घाबरली. तिनं तेच पुन्हा करून पाहिलं, पुन्हा विटकरी. उत्तमराव कागदाकडे बघून म्हणाले, आज वीस रेघा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विटकरी, चोवीस रेघा. त्या दिवशी दुपारी उत्तमराव पाटाजवळ बसून राहिले, अंगात जीव नाही म्हणाले. प्रयागनं ते पाहिलं. थंडी बाधली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. ललिताचं तोंड उतरलेलं होतं, ती नळी तीनतीनदा धूत होती. ते पाहून प्रयागला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आतून कसंतरीच झालं.

तिसऱ्या सकाळी तिचा हात पेल्यापाशी थांबला होता. एवढ्यात ओसरीवरून हाक आली, ललिते, झालं का तुहं? ती हाक ऐकली आणि प्रयागनं खडा टाकला.

अठ्ठावीस रेघा.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला उत्तमराव मेथीच्या वाफ्यांना पाणी वळवत होते आणि हिरालाल त्यांची मोट हाकून देत होता. एकाएकी त्याला दिसलं की पाणी भलतीकडेच चाललं आहे. उत्तमराव फावड्यानं वाफ्यांचे बांध फोडत सुटले होते, एकामागून एक. सगळी मेथी पाण्यात. हिरालाल धावत गेला. पौषातली थंडी, आणि उत्तमरावांचा सदरा घामानं चिंब. हात लटलट कापत होते. त्यांनी हिरालालकडे पाहिलं आणि त्याला बैलाच्या नावानं हाक मारली.

"भाऊ, कोनी पाजली का तुमाले?" हिरालाल म्हणाला, पण थट्टा तोंडातच राहिली, कारण उत्तमराव गुडघ्यांवर बसले ते उठेनात.

त्यांना उचलून ओसरीवर आणलं. आवडाबाईनं पदरानं घाम पुसला, कांदा फोडून नाकाशी धरला. ललिता आली, एकदा बघितलं आणि म्हणाली, "मामी, गूळ द्या मामाले. लवकर."

आवडाबाई ताडकन वळली. "गूळ? तीन दिवस झाले साखर वाढून राह्यली म्हणतं, अन् गूळ देऊ? माराले निघाली का त्याईले?"

"नर्सबाईनं सांगतलं होतं मामी, घाम आला तर..."

"तू बोलू नोको. तुह्या त्या नळीनंच हे झालं."

प्रयाग खांबाशी उभी होती. बाबांचे ओठ हलत होते, पण शब्द लागत नव्हते. दाराआड ऐकलेली दुसरी गोष्ट आता तिच्या कानात उभी राहिली, शब्दन् शब्द. ती वळली आणि पळत सुटली. काटे, ढेकळं, हिरालालच्या शेताचं कुंपण, काही बघितलं नाही. परत आली तेव्हा छातीशी अर्धी भेली धरलेली होती.

आवडाबाईनं तिचा दंड पकडला. प्रयाग म्हणाली, "माय, ललिता खरं सांगून राह्यली. म्या आयकलं. मी दाराआड होती. गूळ नाई देला तर बाबा हाती लागनार नाईत."

आपली मुलगी ललिताची बाजू घेते आहे, हे आवडाबाईला इतकं नवलाचं वाटलं की तिची पकड सुटली. ललितानं तोवर गूळ कुटून पाण्यात विरघळवला होता. हिरालालनं उत्तमरावांना पाठीशी टेकवून बसवलं आणि ललिता चमच्याचमच्यानं पाजू लागली, प्रत्येक घोट गिळला की मगच पुढचा. आवडाबाई तोंडावर पदर धरून बसली होती. ती मोजत होती की देवाचं नाव घेत होती, कळत नव्हतं. पाव तास गेला असेल. उत्तमरावांच्या कपाळावरचा घाम सुकला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मेथी कोनं बुडवली?"

आवडाबाई रडायला लागली. ललितानं त्यांना भाकरी खाऊ घातली, जशी जमनाबाईंनी सांगितली होती तशी, गुळाच्या पाठोपाठ. हिरालालनं बैल जुंपले आणि तो जमनाबाईंना आणायला निघाला.

ऊन कलताना जमनाबाई आल्या. आधी त्यांनी उत्तमरावांची नाडी बघितली, डोळे बघितले, पायाची जखम बघितली. गूळ कोणी दिला ते विचारलं आणि आवडाबाईला सांगितलं की पोरींनी आज माणूस राखला. चूक माझीच, त्या म्हणाल्या, तुम्ही आत होतात तेव्हा मी बोलले, तुम्हाला वेगळं बसवून सांगायला हवं होतं. आवडाबाई मान खाली घालून ऐकत होती.

मग त्यांनी वही मागितली, जिच्यात ललिता रोज रंग लिहायची. तीन दिवस विटकरी. त्यांनी त्याआधीची पानंही उलटून पाहिली.

"हे मेळ खात नाही," त्या म्हणाल्या. "साखर खरंच एवढी वाढली असती तर अठ्ठावीस रेघांनी ती इतकी खाली गेली नसती. रंग पाहण्यात चूक झालीय, किंवा अंगातच काही बिघडलंय. ललिता, तू बघितलंस ते विटकरीच होतं?"

"हो."

"तीनही दिवस?"

ललितानं मान डोलवली.  "मले तसं दिसलं," ती म्हणाली. "मले आता मालूम नाई." तीन दिवस ती स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत होती, आणि आता त्या शंकेला मोठ्या माणसाचा आवाज मिळाला होता. ती उठली, खुंटीवरचे आपले परकर आणि पाटी उचलून गोठ्याकडे गेली. आवडाबाई पुटपुटली की उद्याच तिला अनसिंगला पोचवून द्यावं, लेकरू लहान आहे, तिच्यावर भार टाकायला नको होता.

जमनाबाईंनी उसासा टाकला. उद्या सकाळी किती रेघा घ्यायच्या हे त्यांना सांगता येत नव्हतं. सोळावर यावं, तर अंगात खरंच काही बिघडलं असलं तर साखर वाढत जाईल. वर राहावं, तर आजच्यासारखं पुन्हा होईल, आणि दर वेळी गूळ वेळेवर पोचेलच असं नाही. पुन्हा अकोल्याला न्यावं लागेल, त्या म्हणाल्या. मग त्यांनी दाराशी उभ्या प्रयागकडे पाहिलं.

"तोवर तू बघशील का, प्रयाग? आज तू शहाण्यासारखी वागलीस." आणि त्यांनी ती नळी तिच्यापुढे धरली.

दोन महिने तिनं जे मागितलं होतं ते समोर होतं. कोणाला काही कळलं नव्हतं. घ्यायचं, आणि उद्या सकाळी बाबांची पहिली हाक तिला. प्रयागला ती हाक ऐकूसुद्धा आली. मग तिनं बाबांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते, हातात अजून थोडं कापरं होतं, आणि उद्या किती रेघा हे त्यांना कोणी सांगत नव्हतं.

प्रयागनं हात मागे घेतले.

"ललिताले बरोबर दिसलं," ती म्हणाली. "विटकरीच होता. लघवीत गूळ होता. म्या टाकला."

जमनाबाईंनी पुढे केलेली नळी मागे घेतली. 

"काहून वं?" उत्तमरावांनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता, आणि तेच वाईट होतं.

प्रयागनं खाली बघून सांगितलं, "तुमी सकाळी तिलेच हाक मारता."

उत्तमरावांनी डोळे मिटले. आवडाबाई हात उगारून पुढे झाली, पण जमनाबाईंनी तिला थांबवलं. त्यांनी वही उघडी धरली आणि प्रयागला समोर बसवलं. राग त्यांना आला होता, तो त्यांच्या बोटांत दिसत होता, पेन्सिल घट्ट धरलेली होती. तरी त्यांनी एकेक विचारलं. कोणत्या दिवशी, किती मोठा खडा, ढवळला होता का, आधीच्या कोणत्या दिवशी टाकला होता का. प्रयागनं जे होतं तेच सांगितलं. तीन दिवस, चिंचोक्याएवढा, ढवळला होता, त्याआधी कधीच नाही. जमनाबाईंनी तीन रंगांवर रेघ मारली. मग उत्तमरावांना म्हणाल्या की अंगात काही बिघडलेलं नाही, उद्या सोळा रेघा, अकोल्याला जायची गरज नाही. त्यांचा आवाज पहिल्यांदा मोकळा झाला.

नळी त्यांनी ओसरीवर ठेवून दिली. ती आता कोणाच्या हाती जाईल, याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

प्रयागला वाटलं होतं की सांगितलं की संपेल. पण संपलं नव्हतं. जिच्यावर हे सगळं आलं होतं, तिनं यातलं काहीच ऐकलं नव्हतं. ललिता गोठ्यात होती, आपले दोन परकर आणि पाटी एका फडक्यात बांधत होती, आणि आपल्या डोळ्यांत दोष आहे असं समजत होती. आवडाबाई म्हणाली, बस इथंच, मी सांगतो तिले.

प्रयाग उठली. नको म्हणाली. ती गोठ्यात गेली, ललितासमोर उभी राहिली आणि ओसरीवर जे सांगितलं होतं ते सगळं तिला तिनं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.